दुसरा कावडी

पारबताबाईंवर अन्याय झाला तो मागच्या वर्षी, ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, भर उपासनेत. जागा सांगतो: मुकुटबनच्या पलीकडे आमचं गाव आहे, तिथलं पत्र्याचं प्रार्थनागृह. साक्षीदार सांगतो: त्या दिवशी हजर असलेली सगळी मंडळी, म्हणजे मला धरून पन्नासेक माणसं. अन्याय कोणी केला तेही सांगणार आहे, पण त्याला थोडा वेळ लागेल. सुरुवातीला मला वाटलं होतं तेवढं ते सोपं निघालं नाही.

आमच्या उपासनेत साक्षीची दहा मिनिटं असतात. आठवड्यात देवानं आपल्यासाठी काय केलं हे ज्याला सांगावंसं वाटेल त्यानं उभं राहून सांगायचं. पारबताबाई उभ्या राहिल्या. साठी ओलांडलेली ही कोलाम बाई टेकडीवरच्या पोडावर राहते. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. माहेरी घरात कोलामीच बोलत, त्यामुळे मराठी त्यांनी लग्नानंतर नुसती कानानं उचलली. वाचता येत नाही. पण पवित्र शास्त्रातली वचनं ऐकून ऐकून इतकी पाठ, की पाळकसाहेबसुद्धा कधी अडले तर त्यांच्याकडे बघतात. लहान मुलांचा रविवारचा वर्ग कितीतरी वर्षं त्यांचाच. मीही त्याच वर्गातला. मला पहिलं वचन त्यांनीच शिकवलं, आणि शिकवता शिकवता माझं नाक स्वतःच्या पदरानं पुसलं. आम्ही सगळी पोरं त्यांना मावशी म्हणायचो, अजूनही म्हणतो.

त्या दिवशी मावशी म्हणाल्या, "मायी सून बाळंतपणातून सुखरूप मोकळी झाली. देवानं म्हणलं होतं का दुसरा कावडी देतो. त्यानं देल्ला. देवाची स्तुती असो."

येशू शिष्यांना सोडून जाण्याआधी त्यांना धीर देतो, की मी गेलो तरी पिता तुमच्यासाठी दुसरा कैवारी पाठवील, हे ख्रिस्ती वाचकांना माहीत आहे. शब्द 'कैवारी'. मावशींनी तो आयुष्यभर 'कावडी' असा ऐकला होता. कावडी म्हणजे खांद्यावर कावड घेऊन पाणी वाहणारा माणूस. आडव्या दांडीच्या दोन्ही टोकांना दोन हंडे, ती कावड. मागच्या सतरंजीवरून हसण्याचा आवाज आला, मग तो पुढे सरकत सरकत पार पेटीवाल्यापर्यंत गेला. आमच्या मंडळीचे सचिव निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. ते उठले. "बाई, कावडी नाही. कैवारी. कै-वा-री. इतके वर्षं लेकरायले हेच शिकवलं का तुमी? बसा. पुढच्या रविवारपासून वर्ग दुसरं कोणी पाहील."

मावशी बसल्या. शेवटचं गीत सगळ्यांनी उभं राहून म्हटलं, त्यांचे ओठ हलले नाहीत. पुढच्या रविवारी ईस्टर होता. खिडकीखालची त्यांची जागा रिकामी होती.

माझ्या श्रद्धेचं त्या काळात काय चाललं होतं तेही सांगून टाकतो, कारण ही साक्ष आहे, पत्रक नाही. श्रद्धा नावापुरती होती. आईला वाईट वाटू नये म्हणून रविवारी जायचो. माझा खरा विश्वास पत्रकांवर. आम्ही काही पोरं मिळून बंद हातपंपावर, न येणाऱ्या बसवर, अडकवून ठेवलेल्या दाखल्यांवर पत्रकं काढतो. देव काही करत नाही, माणसांनीच करावं लागतं, असं मी आईला तोंडावर सांगायचो. पत्रकाची रीत मला पक्की शिकवलेली आहे: पहिल्या ओळीत अन्याय कोणावर झाला त्याचं नाव, दिवस, वेळ. शेवटच्या ओळीत मागणी. मधल्या भागात वाचणाऱ्याचं काळीज हललं पाहिजे. मी ईस्टरच्या दुपारी जेवण बाजूला ठेवून पत्रक लिहायला बसलो. 'सचिवांना जाहीर सवाल.' दुसरंच वाक्य असं होतं, की एका निरक्षर, असहाय, आदिवासी वृद्धेचा भर सभेत अपमान करण्यात आला. त्या तीन विशेषणांवर मी खूश होतो. खाली सही केली: पारबताबाईंचा कैवारी.

वणीत माझी पत्रकं प्रशांतदादा छापून देतो. तो बौद्ध आहे. आमच्या उपासनेशी त्याला देणंघेणं नाही, पण शब्दांशी आहे, प्रूफ तपासताना एकेका वेलांटीवर थांबतो. तो सहीपाशी थांबला.

"हा कैवारी म्हणजे तू का?"

"हो."

"फोटो टाकू का मंग तुया? गॉगल घालून, वाढदिवसाच्या बॅनरवर असते तसा."

"दादा, मजाक नको. सिरीयस मॅटर आहे."

"सिरीयस आहे म्हणूनच विचारून राह्यलो. अन् बुढीचा फोटो?"

"तिचा कायले?"

"नाई बा, अन्याय तिच्यावर झाला ना, म्हणून म्हटलं."

मी त्याच्यावर चिडलो, त्यानं मशीन सुरू केलं. सोमवारी मी मंडळीतल्या प्रत्येक घरी जाऊन पत्रक दिलं, उरलेली चहाच्या टपरीवर ठेवली. मला वाटलं, आता गुरुजी माफी मागतील आणि मावशी पुढच्या रविवारी खिडकीखाली बसलेल्या असतील.

झालं ते असं. पत्रक टेकडीवर पोचलं. मावशींची नात करुणा सातवीत आहे, तिनं ते आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचता वाचता ती एका शब्दावर अडली आणि विचारलं, "आजी, असहाय म्हणजे काय वं?" मावशींना तो शब्द माहीत नव्हता. शेजारच्या अंगणवाडीताईनं सांगितला. ज्याचं कोणी नाही, ज्याला स्वतःचं काही करता येत नाही, तो. त्या दिवसापासून शाळेत पोरांनी करुणाला 'कावडीवाली' म्हणायला सुरुवात केली, आणि मावशींनी टेकडी उतरणं बंद केलं. गुरुजी तर आणखीच ताठले. "पत्रक काढणाऱ्यानंच आता वर्ग घ्यावा," असा निरोप त्यांनी पाठवला. मुलांची सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी राहिली. पोरं बाहेर धुळीत खेळायची, आत मोठी माणसं गीतं म्हणायची. हे सगळं आईनं मला सांगितलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता.

"तुनं तिचा कैवार घेतला का तिची इज्जत घेतली रे?"

"मी तिच्या बाजूनंच लिहिलं ना, आई."

"तिच्या बाजूनं लिवलं. तिच्या बाजूले बसला का कधी?"

मी ताटावरून उठलो. राग आईचा नव्हता, पण कोणाचा होता तेही कळत नव्हतं. पुढचे तीन-चार आठवडे वाईट गेले. हातपंपाचं पत्रक लिहायला बसलो की 'असहाय' हा शब्द आपोआप बोटातून उतरायचा आणि मी तो खोडायचो. प्रार्थना तर मी आधीच सोडल्यासारखी होती. आता करावीशी वाटली तरी सुचेना. एका खेपेला मनात आलं की देवाला सांगावं, जे झालं त्यात माझा हेतू चांगला होता. पण ते सांगताना स्वतःच्याच कानाला ते खुलाशासारखं वाटलं, अधिकारी देतात तसल्या.

मे महिन्याच्या मधल्या आठवड्यात मी टेकडीवर जायचं ठरवलं. माफी मागायला, असं आईला सांगितलं. खरं हे की पिशवीत दुसऱ्या पत्रकाचा मसुदा होता आणि त्यावर मला मावशींचा अंगठा पाहिजे होता. निघायला उशीर झाला, दुपारचे बारा वाजले. मुकुटबनकडच्या उन्हाबद्दल इथल्या माणसाला सांगायला नको. डांबरी रस्ता सोडून पोडाच्या गोटाड, दगडगोट्यांच्या वाटेला लागलो आणि चढावर गाडी बंद पडली. किका मारून पाय दुखला. फोनला रेंज नाही. बाटलीतलं पाणी मी रस्त्यातच संपवलं होतं. पोड अजून दीड-दोन किलोमीटर. चाललो. आधी घाम येत होता, मग यायचा थांबला, आणि घाम थांबला की काय समजायचं हे मला माहीत असूनही मी चालत राहिलो. डोळ्यांपुढे पिवळं पिवळं झालं, पाय पिळवटले. एका मोहाच्या झाडाखाली कसाबसा बसलो. उलटी झाली. तिथे मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला, हे मी लपवणार नाही. आयुष्यात एवढी पत्रकं लिहिली, पण एक वाक्य जमलं नाही. तोंडात एकच शब्द आला: "कोणीतरी." तेवढीच माझी प्रार्थना होती, नाव नाही, मागणी नाही, सही नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. चाकाचा कुरकुर आवाज आला. एक माणूस सायकल ढकलत चढ चढत होता. पन्नाशीचा असावा, अंगात बनियन, डोक्याला पांढरा दुपट्टा, सायकलच्या मागे दोन्ही बाजूंना बांधलेल्या पाण्याच्या दोन कॅन. त्यानं सायकल झाडाला टेकवली. काही विचारलं नाही. दुपट्टा सोडला, कॅनमधल्या पाण्यानं चिंब केला आणि माझ्या डोक्यावर टाकला. मग झाकणात ओतून घोट घोट पाणी पाजलं. मी झाकण हिसकायला गेलो तर हात धरून ठेवला. खिशातून कांदा काढला, दगडानं ठेचला आणि नाकाशी धरला.

"एवढ्या उन्हात कुठी निंघाले?"

"पोडावर. एका बाईवर अन्याय झाला, तिचं पत्रक..."

"बरं बरं. पह्यले पाणी घ्या. अन्याय कुठी पळून नाही चालला."

मी तरी बोलत राहिलो. सचिव काय म्हणाले, मी काय लिहिलं, मंडळीनं काय करायला पाहिजे होतं, सगळं. तो ऐकत होता की नव्हता, देव जाणे. मधेमधे दुपट्टा काढून पुन्हा भिजवायचा, पुन्हा टाकायचा. झाडाची सावली सरकली तसं त्यानं मला बगलेत धरून सरकवलं आणि स्वतः माझ्या शेजारी बसला. मला जरा शुद्ध आली तेव्हा लाज वाटली. म्हटलं, "काका, तुमचं काम खोळंबलं असन."

"हाव, खोळंबलं," तो म्हणाला. आणि बसून राहिला.

उन्हाचा जोर जरा उतरल्यावर त्यानं मला उभं केलं. सायकलच्या एका बाजूला मला हँडल धरायला लावलं, दुसऱ्या बाजूला तो. अशी आम्ही ती सायकल पोडाच्या खालच्या फाट्यापर्यंत नेली. तिथून वरची झोपडी दिसत होती. तो दुसऱ्या वाटेनं वळला. मी त्याचं नाव विचारलं नाही. कोण, कधी, किती वाजता, हे लिहून ठेवण्यातच ज्याचं आयुष्य चाललं होतं, त्या माझ्या हे लक्षातच आलं नाही. तो कोण होता याबद्दल मला काही सिद्ध करायचं नाही. उन्हाळ्यात त्या टेकड्यांवर पाणी वाहणारी माणसं असतातच. पण मी "कोणीतरी" म्हटलं होतं, आणि कोणीतरी आला होता. एवढं मात्र मी शपथेवर सांगतो.

मावशी अंगणात मोहाची टोळं, म्हणजे तेलाच्या बिया, फोडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी दगड खाली ठेवला.

"कोण, शेंबड्या? अरे, मरतं का काय उन्हात? बस अठी."

ज्वारीची आंबील दिली. एक वाटी झाली की न विचारता दुसरी भरली. मी वाटेतला माणूस सांगितला, कोण असेल विचारलं. "असन कोणी," त्या म्हणाल्या, "पाणी आणणाऱ्याले कोण नाव इचारते." मग त्यांची नजर माझ्या पिशवीवर गेली. घामानं भिजलेला मसुदा बाहेर डोकावत होता.

"अजून एक लिवला का?"

मी तो आत कोंबला. जे म्हणायला आलो होतो ते राहिलं आणि वेगळंच निघालं: "मावशी, तुम्हाले तो शब्द कसा समजला होता?"

त्यांनी मला जरा निरखून बघितलं. मी खरंच विचारतोय की पुन्हा कागदावर लिहिणार आहे, याचा अंदाज घेत असाव्यात. मग सांगू लागल्या. सांगता सांगता त्यांचे हात टोळं फोडतच होते.

"मी नवी नवरी होतो तवाची गोठ. पह्यलं लेकरू पोटातच गेलं. अंगात ताप. घरचा मानूस लाकडं तोडाले दूर जंगलात गेलता, मह्यनाभर येनार नव्हता. झरा आटला होता. खालच्या नाल्यातून पाणी आणा लागे, अन् मले उठता येत नोतं. वरच्या पोडावरून एक मानूस रोज कावड घेऊन ये. नात्याचा नाई, गोत्याचा नाई. एक हंडा त्याच्या घरचा, एक माया. मी म्हणो, ठिऊन जाय बापा, तुले उशीर होते. पण तो जात नोता. कावड टेकवे, अन् दारात बसे. बोले बी नाई जास्ती. मी रडो, तो बसला राहे. रडनं झालं का मंग उठे."

"किती दिवस?"

"मी उठून बसाले लागलो तोवर. मंग तो दिसला नाई. वरचं पोडच उठलं होतं तठून." त्यांनी फुटलेली टोळं टोपलीत टाकली. "मंग पुढं बरेच वर्षानं पाळकसायबानं ते वचन सांगतलं. येशू चालला अन् शिष्य रडून राह्यले, तं तो म्हणे, रडू नका, तुमाले दुसरा कावडी येईन. मले वाटलं, हे तं मले माहीत आहे. येशू पह्यला कावडी. आपल्या वाटचा हंडा खांद्यावर घेते, अन् टेकवून जात नाही, बसते. तो गेला तं दुसरा तसाच येईन. वजन उचलनारा. बसनारा. यात हासाचं काय होतं रे?"

मी टोपलीतलं एक टोळ उचलून बोटांत फिरवत राहिलो.

"मले वाचता येत नाई हे तुनं बराबर लिवलं. पण असहाय कायले लिवलं? तुया शेंबूड मी पुसत होतो तवा असहाय कोण होतं?" आणि मग, आवाज न चढवता, "तू बी हासला ना त्या दिवशी. मी पाह्यलं. गुरुजी नाई हासले. ते चिडले. तू हासला."

हे मी पत्रकात लिहिलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. मागच्या सतरंजीवरून जो पहिला आवाज आला तो माझा होता. झावळ्यांच्या रविवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, अन्याय सुरू झाला तो माझ्यापासून. अन्याय कोणी केला, वरची इतकी पानं मी त्याचंच उत्तर टाळत आलो.

मी रडलो. त्यांनी मला थोपटलं नाही, की पुरे म्हणाल्या नाहीत. टोळं बाजूला सारली आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. माझं रडणं झाल्यावर म्हणाल्या, "आता तो कागद जेवढ्या घरी देल्ला तेवढ्या घरी जाय. अन् सांग, मी बुढीले न इचारता लिवलं. दुसरं काही सांगू नको, लय बोलतं तू. अन् गुरुजीकडे आखरीले नको जाऊ. पह्यले जाय."

मावशींनी मला पश्चात्ताप शिकवला तो असा, घरं मोजून. तोपर्यंत तो शब्द मला फक्त गीतात माहीत होता. मनातल्या मनात वाईट वाटणं म्हणजे पश्चात्ताप, असं मी समजत होतो. दुसऱ्याच्या दारात उभं राहून, आपल्याच वाटेनं उलटं चालत जाणं म्हणजे पश्चात्ताप, हे पायांनी कळलं.

गुरुजींच्या दारात मी "सलाम गुरुजी" म्हटलं तेव्हा ते भांडायच्या तयारीनंच उठले. मी मावशींनी सांगितलेलं वाक्य म्हटलं, आणि एक वाक्य माझ्या पदरचं जोडलं, की त्या दिवशी आधी मी हसलो. गुरुजी उभेच राहिले. त्यांच्या घरच्या काकूंनी चहा आणून ठेवला, तेव्हा ते बसले. शेवटी ते म्हणाले, "मी चुकीचा शब्द ऐकूच शकत नाही रे. उभा जन्म लाल पेन घेऊन बसलो. कानाले लागते." मग थांबून, "पण त्यायले काय वाटत होतं कावडी म्हणजे? मी तं विचारलंच नाही."

मी सांगितलं, जसं ऐकलं तसं. गुरुजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "दुसरा," ते म्हणाले. "मी नेहमी कैवारी शब्दावर जोर देत आलो. दुसरा शब्दाकडे कधी पाह्यलं नाही. दुसरा म्हणजे पह्यल्यासारखाच." उठून त्यांनी कपाटातून एक जाड जुना कोश काढला, बरीच पानं उलटली आणि बोट ठेवलं. शास्त्राच्या मूळ भाषेत 'कैवारी'च्या जागी जो शब्द आहे त्याचा साधा अर्थ लिहिला होता: जवळ बोलावलेला. बाजूला येऊन उभा राहणारा. आम्ही दोघं तो पानाचा कोपरा बघत राहिलो. मला कैवारी म्हटलं की मोर्चाच्या पुढे माईक घेतलेला माणूस दिसायचा, म्हणजे खरं तर मीच दिसायचो. मग गुरुजी हळूच म्हणाले, काकू आत गेल्यात हे बघून, "कोणाले सांगू नको. मी लहान होतो तं येशू मध्यस्थ आहे म्हटलं का मले बाजारातला अडत्या दिसे. पांढरी टोपी, हातात कापसाचं बोंड. बारावीपर्यंत."

मी हसलो. या वेळेस तेही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर मी त्यांना दुरुस्त करून आणलेल्या गाडीवर मागे बसवून टेकडीवर नेलं. गोटाड वाटेवर त्यांनी माझ्या खांद्याला जे धरलं ते पोड येईपर्यंत सोडलं नाही. मावशींनी त्यांना बाज दिली, ते बाजेवर बसले नाहीत, खाली बसले. काय बोलले ते मी लिहिणार नाही. मला मावशींची परवानगी नाही, आणि आता मी परवानगी विचारतो.

बाकीच्या घरी जायला मला अकरा दिवस लागले. बहुतेकांनी पाणी दिलं. काहींनी तोंडावर टोमणे मारले, "आता माफीचं बी पत्रक काढ." दोन घरांत आजही मला आत बोलावत नाहीत. शाळेत करुणाला चिडवणं एकदम थांबलं नाही. कमी झालं. हे सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पण शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी मावशी टेकडी उतरल्या आणि कोपऱ्यातली सतरंजी त्यांनी स्वतः पसरली. वर्गाची रीत आता बदलली आहे. वचन पाठ करण्याआधी त्यातला एक शब्द घ्यायचा आणि प्रत्येक पोरानं तो आपल्याला कसा समजतो ते सांगायचं. कृपा म्हणजे काय विचारलं तर एक पोट्टी म्हणाली, "कृपा म्हणजे मायी मावसबहीण." मावशींनी तिला चूक म्हटलं नाही. म्हणाल्या, "कशी आहे थे?" पोट्टी म्हणाली, "न मागता भाकर देते." गुरुजी सतरंजीच्या टोकाला मांडी घालून बसलेले असतात. त्यांच्या खिशाला पेन असतो. बाहेर निघत नाही, असं नाही. पण निघायच्या आधी ते विचारतात.

मी आता प्रार्थना करतो. फार शब्द नसतात. ज्या बाईनं मला बोलायला शिकवलं तिनंच मला गप्प बसायला शिकवलं, आणि त्या गप्प बसण्यात देव माझ्या शेजारी येऊन बसतो असं मला वाटतं. सिद्ध करू शकत नाही. पत्रकं अजूनही काढतो, अन्याय काही कमी झालेला नाही. पण मी कोणाला सोडवणारा नाही, मलाच उन्हातून कोणीतरी उचलून सावलीत सरकवलं होतं, हे आठवत लिहितो. लिहिण्याआधी त्या माणसाच्या दारात जाऊन बसतो. त्यानं नको म्हटलं तर नाही लिहीत. हे शिकायला मला एक अपमान, एक ऊन आणि गावभर दारं लागली. देवाचे उपकार, की एवढ्यातच भागलं.

आता मागणी. ती तुमच्याकडे आहे, हे वाचणाऱ्याकडे. येत्या रविवारी तुमच्या मंडळीतल्या अशा एका माणसाजवळ जाऊन बसा ज्याला वाचता येत नाही, किंवा ज्याची मराठी तुम्हाला हसण्यासारखी वाटते. तुम्हाला पाठ असलेल्या एखाद्या वचनातला एक शब्द त्याच्यापुढे ठेवा. तारण ठेवा, कृपा ठेवा, क्षमा ठेवा. विचारा, "तुम्हाला हा कसा समजतो?" आणि त्याचं बोलून होईपर्यंत त्याला दुरुस्त करू नका.